कुकरचं झाकण कुणी नेलं?

“आई, कुकरला झाकणच नाही!” भोंगा ओरडला. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. उगीच नाही त्याला सगळे भोंगा म्हणत!

सुट्टीसाठी आठवडाभर भाड्याने घेतलेला हा फ्लॅट जाहिरातीत ‘सर्व सोयींनी सज्ज’ होता. सोफा होता, टीव्ही होता, भिंतीवर समुद्राचं भलंमोठं चित्र होतं. पण दुधाची पिशवी फोडायला कात्री नव्हती. बादली होती, मग्गा नव्हता. गाळणीही नव्हती, त्यामुळे सकाळी बाबांनी पूड चावत चावतच चहा संपवला होता.

आईने घरमालकांना फोन लावला. हा फ्लॅट आणि समोरचा, दोन्ही त्यांचेच. पण ते राहायचे दुसऱ्या गावी आणि सगळा कारभार फोनवर!

“पुन्हा गेलं सामान?” मालक इतके कडाडले की स्पीकर लावायची गरजच नव्हती. “साफसफाईच्या मावशींशिवाय किल्ली आहे कुणाकडे? संध्याकाळी येतो, किल्ली काढून घेतो आणि दुसरी बाई बघतो!”

मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. फडकं पिळून वाळत घातलं आणि जाताना आपली कापडी पिशवी आईसमोर उघडून धरली. आत रिकामा डबा आणि पाण्याची बाटली.

“मालकांचा नियम आहे, ताई. बघून घ्या.”

आईला कसंतरीच झालं. भोंग्याच्या बहिणीला तर संताप आला. बारा वर्षांच्या या मुलीला घरात ‘वकील’ म्हणत, कारण वाद घातल्याशिवाय तिचं जेवण पचत नसे.

“कुकर ठेवून नुसतं झाकण नेणारा चोर कधी पाहिलाय?” दाराबाहेर जिन्याजवळ येऊन तिने दोघा भावांना विचारलं.

“त्याच्याकडे बिनझाकणाचा कुकर असेल,” मामेभाऊ म्हणाला. त्याचं नाव गोगलगाय. बोलणं सावकाश, पण मुद्द्याचं.

“आणि कुकरही अगदी याच मापाचा हवा! असा कुकर कुठे असेल?”

तिघांनी एकदम समोरच्या दाराकडे पाहिलं.

“आत कसं शिरायचं? पाइपवरून चढू या!” भोंग्याने बाह्या सरसावल्या.

“बेल वाजवू या,” गोगलगाय म्हणाला. “कात्री मागू.”

समोर कालच उतरलेल्या काकूंनी हसून दार उघडलं. “घेऊन जा की! इथे दोन आहेत. गाळण्या तर तीन! आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे, बाई.”

ओट्याखाली एक कुकर होता, आणि झाकणं चक्क दोन! एकाची शिट्टी गायब होती.

“फक्त ओपनर काल तुमचे बाबा घेऊन गेले,” काकू म्हणाल्या, “तो काही परत आला नाही.”

वकीलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी येऊन तिने बाबांना ओपनरबद्दल विचारलं. “दिला असेन की परत,” म्हणत बाबांनी खिसे चाचपले आणि पुन्हा टीव्ही लावला.

संध्याकाळी मालक आले. मावशी किल्ली घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“काका, आधी चहा घ्या ना!” वकील गोड आवाजात म्हणाली. “पण बाबा, गाळणी?”

“त्यात काय! समोरून आणतो,” म्हणत बाबा गेलेसुद्धा.

चहा झाला. गाळणी ओट्यावरच राहिली.

“बाबा, ही गाळणी कुणाची?”

“समोरच्यांची.”

“आणि ती इथेच विसरून आपण गेलो, तर पुढच्या पाहुण्यांना कुणाची वाटेल?”

“याच घरची…” बाबांचा आवाज एकदम खाली आला.

“तसंच तर झालंय!” भोंगा गरजला. “इथलं सामान तिथे आहे! झाकणसुद्धा!”

मालक समोर जाऊन आले. हातात झाकण, मग्गा आणि आणखी एक गाळणी होती. “मी वर्षभर फोनवरून चोर शोधत होतो,” ते मुलांना म्हणाले, “आणि तुम्ही एका दुपारीत छडा लावलात. शाबास!” मग मावशींकडे वळून ते जरा अडखळले. “चुकलं माझं, मावशी. न बघताच तुमच्यावर आळ घेतला. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.”

मावशींनी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि पदराने डोळे पुसले.

उरलेल्या सुट्टीत मुलांनी आईच्या नेलपॉलिशने प्रत्येक वस्तूवर खूण केली. या घराची लाल, त्या घराची गुलाबी. ओपनर मात्र कुठेच सापडला नाही.

निघायच्या दिवशी काम आटोपून मावशींनी सवयीने पिशवी पुढे केली.

“थांबा, मावशी,” बाबा म्हणाले. “आधी आमची बॅग बघा.” त्यांनी स्वतःच चेन उघडली, शर्ट बाजूला केले, आणि त्यांचा हात थबकला. मोज्यांच्या खाली ओपनर!

“सापडला चोर!” भोंगा ओरडला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या मावशी. बाबांच्या हातून त्यांनी ओपनर घेतला, समोरच्या दारी नेऊन दिला आणि आपली पिशवी न उघडताच खांद्याला लावून त्या जिना उतरल्या.