विझलेला धूमकेतू

तात्रा डोंगरातल्या वेधशाळेत हेड्विगा गणितं करायची आणि तिचा धाकटा भाऊ वेंडेलीन आकाश बघायचा. शेजारच्या ताऱ्याशी ताडून धूमकेतूचं तेज अंकात सांगायचं, हे त्याचं काम. अंक जितका लहान, तितकं तेज जास्त. त्याच्या डोळ्यांचा लौकिक पार प्रागपर्यंत पोचला होता.

त्या वर्षीचा धूमकेतू मार्चअखेर सूर्याला वळसा घालून आला. सूर्य मावळला की पश्चिमेच्या कड्यावर शेपटी उभारून दिसे. खालच्या गावातली माणसं मेंढ्या आत घालून त्याला बघायला अंगणात येत. मग तो लांब जाऊ लागला. फोटोच्या काचांवर रोज थोडा फिका उमटू लागला. वेंडेलीनचे अंक मात्र लहान लहान होत चालले होते.

हेड्विगा वही घेऊन त्याच्याकडे गेली. "वेंडा, हे काय? काल दोन, आज एक?"

"दिसलं तसं लिहिलंय, ताई."

"अरे, तो नुसता मळका बर्फ. सूर्यापाशी तापतो, धूळ उडते, धुळीवर ऊन पडतं म्हणून आपल्याला दिसतो. आता ऊन कमी, धूळ कमी, आणि आपल्यापासूनही लांब चाललाय. तेज वाढेल कुठून?"

"तेच मी तुला विचारतोय."

फोटो काढणारा कोलेसार हसला. "हेड्विगाबाई, भावाची बोरोविच्का बंद करा. एकाचे दोन दिसले तर समजू शकतो. पण विझत्याचं पेटतं दिसायला लागलं म्हणजे बाटली फारच कडक."

वेंडेलीन हसला नाही. हेड्विगानं त्याच्याच दुर्बिणीतून पाहिलं. काचेवर श्वास सोडल्यासारखा एक डाग, तेवढंच.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी, चहा पिता पिता, वेंडेलीननं डोळ्यांवर हात आडवा धरला. समोर स्वयंपाकघराची भिंत होती.

पोप्रादच्या डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत तपासलं. बाहेर येऊन ते हेड्विगाला म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. फक्त बाहुल्या आकसलेल्या राहतात, भर उन्हात बघितल्यासारख्या." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि तेही एकाच दिशेला तोंड असलं की."

घरी आल्यावर तिनं पडदे ओढले. फिरत्या स्टुलावर भावाला बसवून डोळे बांधले, दिशा हरवेपर्यंत गरगर फिरवलं. मग फडकं काढायची, मेणबत्ती दर वेळी त्याच्या चेहऱ्याच्या त्याच बाजूला धरायची आणि बाहुल्या बघायची. जिथं त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत, तिथं खडूनं खूण करायची. अकरा वेळा केलं. अकराही खुणा एकाच जागी आल्या, चुलीच्या पायापाशी, जमिनीवर.

तिनं गणित मांडलं. त्या घटकेला धूमकेतू क्षितिजाखाली होता, अख्ख्या डोंगराच्या पलीकडे. त्याच्या डोळ्यांपासून खुणेपर्यंतचा उतार तिनं मोजला. धूमकेतूच्या जागेशी अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. चूक सापडेल म्हणून तिनं पहाटेपर्यंत तेच गणित पुन्हा पुन्हा केलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपली चूक हवी होती.

"डोळे मिटून बघ ना रे जरा," ती वहीतून मान वर न काढता म्हणाली.

"मिटलेलेच आहेत, ताई."

मे महिन्यात धूमकेतू दक्षिणेच्या आकाशात उतरला. तिथून तो तात्रात कधीच दिसणार नव्हता. कोलेसारनं काचा कपाटात ठेवून दिल्या. आता तो थट्टा करत नसे. वेंडेलीन दिवसभर जमिनीकडे बघत बसायचा. जेवण सुटलं, झोप उडाली. तिनं काळा चष्मा आणला, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. एकदा त्याला पाठमोरा वळवून, मिठीत धरून ती दुपारभर बसली. तो लहान मुलासारखा रडत होता. "पाठ भाजतेय गं."



जूनमधल्या एका दुपारी तो आपण होऊन टेबलाशी आला, घोंगडी काढून खिडकीकडे पाठ करून बाकावर बसला. तिनं खसखस घातलेल्या शेवया वाढल्या आणि समोर बसली. तिच्या पाठीशी दार होतं. कितीतरी दिवसांनी त्यानं मान वर केली होती.

"गेला?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

तो तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. गणितानं धूमकेतू त्या बाजूला असायला नको होता. त्याच्या निळ्या डोळ्यांत बाहुल्या जवळजवळ उरल्या नव्हत्या.

"वेंडा?"

"मागं वळू नकोस, ताई."

आवाज शांत होता. त्यानं आपली ताटली ओढून घेतली आणि बाकावर थोडा सरकला. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा.

ऊन त्याच्या मागच्या खिडकीतून येत होतं. तरी त्याचा चेहरा उजळला होता.

हेड्विगानं खाली पाहिलं.

पांढऱ्या टेबलक्लॉथवर, तिच्या पुढ्यात, तिच्याच डोक्याची सावली पडली होती. आणि ती हळूहळू मोठी होत होती.