चिराखोचं पाणी कुणी विकलं?

मामुकाचं नाव एकदा तरी सणाला मोठ्याने घेतलं जावं, एवढ्यासाठी मिनानी चिराखोच्या पडक्या किल्ल्याकडे निघाली होती.

डोंगराळ खेवसुरेतीच्या त्या खोऱ्यात दर शरदात देवाच्या अंगणात बिअर ओततात आणि किल्ला राखताना मेलेल्या एकेकाचं नाव घेतात. मिनानीच्या खापरपणज्याची, मामुकाची, पाळी आली की पुजारी नाव गिळून पुढे जातो. का, तर शत्रूच्या वेढ्यात किल्ल्याचं पाणी अचानक तुटलं. जमिनीखालची खापरी नळी कुठून जाते हे फक्त मामुकाच्या घराला ठाऊक. म्हणजे पाणी विकलं त्यानेच! निकाल लावायला गावाला असा कितीसा वेळ लागतो?

मिनानीचा बाप त्या नावासाठी तळमळतच गेला. मातीला आलेल्या उतुर्गा पुजाऱ्याला तिने सगळ्यांदेखत अडवलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, "मेंढ्यांना मीठ घेऊन वर जायचंच आहे मला. चल बरोबर. मामुकाने पाणी विकलं नाही, हे तिथे दाखव. नाही जमलं, तर तुमच्या घरात हा विषय बंद. कायमचा."

"बंद तर बंद," मिनानी म्हणाली. "पण जमलं तर गिळायचं नाही, काका."

नदी त्यांनी मीठ लादलेल्या खेचराची शेपटी धरून पार केली. पुढचा घसरणीचा उतार मात्र मिनानीला सुरुवातीपासूनच आवडला नव्हता. निम्म्यावर आले आणि वरून एक दगड सुटला. मागोमाग दुसरा. मग अख्खी घसरणच! तिने म्हाताऱ्याचं बखोट धरून त्याला कपारीत ओढलं. धुरळा बसला तेव्हा मागची पायवाट दरीत गेली होती, पाण्याची पखालही गेली होती आणि उतुर्गाचा घोटा वांग्यासारखा सुजला होता.

त्याला खेचरावर घालून तिने कसाबसा किल्ला गाठला. छप्पर गेलेले बुरूज, भिंतींतून उगवलेली बर्चची झुडपं आणि धुकं! असं दाट धुकं, की बुरुजावरून तटाचा दरवाजा दिसेना. अशात पाय टाकणं म्हणजे मरणाला बोलावणं. खायला खारट चीज तेवढं होतं, आणि खावं तर घसा आणखी कोरडा पडत होता.

"कुपीत अरक आहे, घरची दारू," उतुर्गा म्हणाला.

"अरकाने तहान भागत असती, तर तुमचं घराणं कधीच तृप्त झालं असतं."

म्हातारा हसायला गेला आणि खोकत सुटला. सकाळपर्यंत तो तापाने फणफणला. पाणी मिळालं नाही तर तो इथेच राहणार, हे मिनानीला कळून चुकलं. ती फार घाबरली.

त्यात खेचराने रात्रीतून मिठाची गोणी फोडून खाल्ली होती! आता ते वेड्यासारखं दोरीला हिसके देत होतं. काडकन दोरी तुटली. खेचर पळालं. ते गेलं तर म्हाताऱ्याला नेणार कशावर? मिनानी धुक्यात आवाजामागे धावली. ठेचकाळली, आपटली, पुन्हा उठली.

बुरुजाखालच्या उघड्या उतारावर खेचर थांबलं होतं आणि खुराने जमीन उकरत होतं. खाली ओली माती! तिने सुरीने खणलं, मग हातांनी. खापरी नळी लागली. कधीकाळी फुटलेली, आणि अजून झिरपणारी.

तिने वरून भांडं आणलं आणि भरून नेलं. उतुर्गा घटाघटा प्यायला. मग म्हणाला, "कुठे?"

धुकं विरत होतं. पलीकडच्या कुरणावर मेंढपाळांचा धूर दिसू लागला, म्हणजे आता सुटका होती. पण म्हातारा तिकडे बघेचना. भिंतीला धरून तो बुरुजाच्या झरोक्याशी गेला आणि खाली खेचराकडे बघत राहिला.

"इथे फोडली? आमच्या बंदुकांसमोर?"

"वर घळीत, नळी सुरू होते त्या झऱ्याशी, कुणाच्या नजरेत न येता फोडता आली असती," मिनानी म्हणाली. "मामुकाने दाखवली असती, तर तीच जागा दाखवली असती. इथे मरायला कोण येतं?"

उतुर्गाने खेचराकडे बोट केलं. "त्यांच्याकडे घोडे होते," तो म्हणाला. "तहानलेले ठेवले असतील. ह्या खेचरासारखी त्यांनीच नळी हुंगून काढली."

त्याने भांडं उचललं.

"पाण्याने नाव घेत नाहीत, काका. अरक आहे ना."

"ह्याचं पाण्यानेच घ्यायचं." एका पायावर उभं राहून त्याने दगडावर धार धरली. "मामुका. चिराखो राखताना मेला."

मिनानी तिथेच खाली बसली आणि बापासाठी रडली.

उतुर्गाने रिकामं भांडं तिच्यापुढे धरलं.

"आणखी आण, पोरी. माझ्या बापाने हे नाव गिळलं, आज्यानेही गिळलं. त्यांच्या वाट्याचं अजून घ्यायचंय मला."