कोरडा शर्ट

"माझ्या नवऱ्याला मीच विष घातलंय. निदान मला तरी तसं वाटतंय," बाई उंबऱ्यातच म्हणाली. "उद्या अकराला चौकशी आहे. तिथं जाऊन कबूल करू का नको, तेवढंच सांगा."

जनार्दन घोरपडे काचबिंदूचे थेंब घालून खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "कोण आलंय, वहिनी?"

"खुनी आलीय, भाऊजी. चहा टाका."

उत्तरेतल्या हिंदी मुलुखातल्या रेल्वेगावी, खातीपुऱ्यातल्या या दोन खोल्यांच्या दारावर 'खासगी तपास' अशी छोटी पाटी होती. तारामती घोरपडे लष्करी इस्पितळात कॅप्टन नर्स होत्या. नवरा गेला, नोकरी संपली, चौकसपणा राहिला. दीर जनार्दन रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. ते वही लिहायचे, चहा करायचे आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

मालन सरोदे काय म्हणाली

तिचा नवरा बळवंत इंजिन ड्रायव्हर. एकोणतीस वर्षं नोकरी. पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुण्यांची खास गाडी वाफेच्या इंजिनावर जाणार होती, आणि तिच्यासाठी इंजिनांच्या शेडने बळवंतची निवड केली होती.

शनिवारी सकाळी तो त्याच इंजिनाची चाचणी घेत होता. नऊच्या सुमाराला तो हवेतले न दिसणारे धागे वेचायला लागला. मग मेलेल्या आईशी बोलायला लागला. पाय लटपटले. फोरमनने खाली उतरवलं. डॉक्टर रजेवर, त्यामुळे रक्त कोणी घेतलंच नाही. कागदावर लिहिलं गेलं: ड्यूटीवर दारू पिऊन.

"त्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, ताई. आता नोकरीवरून काढणार. आणि कसं, तर दारुडा म्हणून!"

"विषाचं सांगा."

मालनने स्वतःचे हात पुढे केले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. "सासूबाईंचे गुडघे धरलेत. रोज पहाटे धोतऱ्याची पानं गरम करून बांधते. त्या दिवशी पण बांधली. आणि मग भाकरीचं पीठ मळलं. हात धुतले होते की नाही, आठवतच नाही."

"ती भाकरी आणखी कोणी खाल्ली?"

"सासूबाईंनी. दोन्ही पोरींनी."

"त्यांना काही झालं?"

"नाही."

"मग तुमचे हात सुटले," तारामती म्हणाल्या. "नवऱ्याला घरी आणलं तेव्हा कसे होते?"

"अंग तव्यासारखं तापलेलं. तोंड लाल. पाणी मागायचे, पण गिळता येईना. डोळे नुसते काळे, मतलब आतली बाहुलीच एवढी मोठी."

तारामतींनी मान हलवली. "विष तुम्ही बरोबर ओळखलंत, बाई. हात चुकीचा धरलात. त्यांनी एकट्यानंच काय खाल्लं?"

"सातूचं पीठ. ड्यूटीवर नेतात त्या पेटीत, लाइन बॉक्समध्ये, डबा असतो. रोज आठला इंजिनावरच पाण्यात कालवून पितात. सगळ्या शेडला माहिती आहे, चिडवतात त्यांना."

"तो डबा कुठंय?"

"बॉक्स संध्याकाळी घरी आला. डबा रिकामा, स्वच्छ घासलेला."

"तुमचे हे भांडी घासतात?"

मालन आल्यापासून पहिल्यांदा हसली. "एकोणतीस वर्षांत वाटीसुद्धा नाही."

जनार्दनची वही, मंगळवार

१. मालन. सुटली.
२. भंवरलाल, फायरमन. इंजिनावर शेजारी होता.
३. सदाशिव, ड्रायव्हर. खास गाडी आता त्याच्याकडे.
४. आनंदराव पिंगळे, शेडचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. ड्रायव्हर सही करून नोटिसा वाचतात, तेवढा वेळ त्यांचे बॉक्स यांच्या टेबलाशेजारी असतात.

वहिनी म्हणाल्या, यादी चांगली आहे. म्हणजे मी नक्की काहीतरी विसरलोय.

फायरमन *(हिंदीत बोलला, वहीत मराठीत उतरवलं)*

"उस्तादांना मी सहा वर्षं ओळखतो. ते आणि दारू? इंजिनाला पंख फुटतील त्याआधी."

"त्या दिवशी गरम होत होतं?"

"मे महिना, बाईजी, आणि समोर फायरबॉक्स. माझी बनियन पिळली असती तर बादली भरली असती."

"आणि उस्तादांची?"

"त्यांचा शर्ट कोरडा होता. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं. कोळशाची पूड माझ्या अंगाला चिकटून लगदा होते. त्यांच्या मानेवरून ती पावडरीसारखी झडत होती."

"तोंडाला वास?"

"सातूचा."

"त्यांचा बॉक्स कोणी उचलला?"

"बडे बाबूंनी मागवून घेतला. म्हणाले, बाटली सापडली तर पुरावा होईल."

सदाशिव

सदाशिव शेडच्या सावलीतही काळा गॉगल लावून उभा होता. जनार्दननी वहिनींना कोपराने ढोसलं.

"डोळे आलेत," सदाशिव न विचारताच म्हणाला.

"बघू."

त्याने लगेच गॉगल काढला. दोन्ही डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. बाहुल्या दोन्हीकडे सारख्या, मोहरीएवढ्या.

"खास गाडी तुम्हाला मिळाली म्हणे. अभिनंदन."

"थट्टा करताय का, काकू? इंजिन मला बळवंतरावांनी शिकवलं. चुकलो तर फावड्याचा दांडा पाठीत. त्यांच्या जागी चढायचं म्हणजे..." त्याने गॉगल परत लावला. "सासऱ्यांनी इथं पेढे वाटले. मी हात लावला नाही."

बडे बाबू

आनंदराव पिंगळ्यांच्या खोलीत भर दुपारी अंधार होता. खिडकी बंद, वर वाळ्याचा पडदा. टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा.

"घ्या, घ्या. घरचं शुभकार्य आहे," ते म्हणाले. "बळवंतची केस ना? वाईट वाटतं हो. पण कायदा म्हणजे कायदा."

"तुमचा रिपोर्ट वाचून दाखवाल?"

आनंदरावांनी कागद हातात घेतला, डावा डोळा नेम धरल्यासारखा मिटला आणि वाचलं: "सदर चालक घामाने निथळत होता. तोंडास मद्याचा दर्प येत होता. पाय लटपटत होते."

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"माझ्या या डोळ्यांनी. आजवर असे सहा दारुडे लिहिलेत मी."

"बॉक्समध्ये काय सापडलं?"

"पितळी पेला आणि रिकामा डबा. लबाड असतात, बाटली टाकून देतात."

"डोळ्याला काय झालंय?"

"मधुमेह. डाव्या डोळ्याची नस गेलीय, सहा महिने झाले. उजेड सोसत नाही."

"आणि पेढे?"

"एखादा चालतो हो," आनंदराव हसले.

परतीच्या बसमध्ये जनार्दननी निकाल दिला. "सदाशिव! गॉगल आणि फायदा, दोन्ही त्याचेच."

"भाऊजी, लपवायला लावलेला गॉगल माणूस 'बघू' म्हटल्याबरोबर काढत नाही." तारामतींनी खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या तुमची थेंबांची बाटली लागेल."

जनार्दनची वही, पुढचं पान

~~सदाशिव~~
~~भंवरलाल~~
माझे थेंब कशाला?

चौकशी, बुधवार, अकरा *(कामकाज हिंदीत चाललं, वहीत मराठीत उतरवलं)*

चौकशी अधिकारी माथुर साहेब मध्यभागी बसले होते. शेजारी रजेवरून परतलेले रेल्वेचे डॉक्टर. भिंतीलगत शेडची माणसं. मालन दाराशी उभी. बळवंत इस्त्रीच्या गणवेशात ताठ बसला होता, समोरचा आरोपाचा कागद हातभर लांब धरून. अजून त्याला जवळची अक्षरं पुसट दिसत होती.

निवृत्त रेल्वे कर्मचारी म्हणून चौकशीत बळवंतची बाजू मांडणारे मदतनीस जनार्दन होते. ते उठले.

"साहेब, बोलायचं मला आहे. पण मला अजून काही कळलेलं नाही. वहिनी सांगतील."

खोलीत हशा पिकला. माथुर साहेबही हसले आणि त्यांनी हात केला.

"सगळे इंजिनवाले आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते," तारामती म्हणाल्या. "मे महिन्यात फायरबॉक्सपुढे दोन तास उभं राहून कोणाचा शर्ट कोरडा राहतो?"

"मेलेल्या माणसाचा," मागून कोणीतरी म्हणालं.

"बळवंतरावांचा राहिला. फायरमनने पाहिला. बायकोच्या हाताला त्यांचं अंग तव्यासारखं लागलं. दारू प्यालेल्याला घाम येतो. मग यांचा घाम कोणी थांबवला? एकेरी लाइनवर परवानगीचं टोकन मिळाल्याशिवाय गाडी पुढे नेता का?"

"नाही," चार आवाज एकदम आले.

"शरीरातही तसंच आहे. मेंदूचा हुकूम नसेवरून धावत येतो. पण नस घामाच्या ग्रंथीला चिकटलेली नसते. मध्ये फट असते, केसाहून कितीतरी बारीक. नस आपल्या टोकातून एक रसायन त्या फटीत सोडते, धावत्या गाडीवरून वेताच्या कड्यातलं टोकन फेकावं तसं. पलीकडचा झेलतो, आणि काम सुरू. ॲसिटिलकोलिन त्या टोकनचं नाव. घाम, लाळ, डोळ्याची बाहुली आकसणं, सगळं त्याच्यावर चालतं. धोतऱ्यातलं विष नस तोडत नाही. ते झेलणाऱ्याच्या हातात आधीच दुसरं कडं अडकवून ठेवतं. टोकन येतं आणि नुसतं खाली पडतं."

डॉक्टर पुढे झुकले होते. "ॲट्रोपिन," ते म्हणाले. "घाम बंद, तोंड कोरडं, ताप, भास, बाहुल्या मोठ्या. बरोबर आहे! मी त्या दिवशी इथं असतो तर..."

"विष सातूत होतं. घरी भाकरी चौघांनी खाल्ली, सातू एकट्याने. मग डबा कोणीतरी घासला. ते घरी झालं नाही, इंजिनावर नाही. बॉक्स होता बडे बाबूंकडे."

आनंदराव शांत होते. "डबा रिकामाच मिळाला. इथं सतरा जण येतात-जातात."

"खरंय. म्हणून तुमचा रिपोर्ट पाहू. 'घामाने निथळत होता.' तुम्ही बळवंतरावांकडे पाहिलंच नाहीत. आधीच्या सहा दारुड्यांकडे पाहून सातवा लिहिलात. आता तुमचा डावा डोळा."

"मधुमेह, सांगितलं ना. नस गेली."

"डॉक्टरसाहेब, नस गेली असेल तर पायलोकार्पिनच्या, म्हणजे भाऊजींच्या या काचबिंदूच्या, थेंबाने बाहुली आकसेल का?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "आकसेल! टोकन फेकणारा मेला तरी झेलणारा जिवंत असतो. हा थेंब म्हणजे थेट त्याच्या हातात दिलेलं टोकन. पण झेलणाऱ्याचेच हात अडकलेले असतील..."

"तर काही होणार नाही," जनार्दन मोठ्याने म्हणाले आणि स्वतःच दचकले. कळलं होतं.

आनंदरावांना नाही म्हणता येईना. सगळी शेड बघत होती. डॉक्टरांनी जनार्दनच्या बाटलीतून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. अर्धा तास कोणी हललं नाही. इंजिनांच्या शिट्या तेवढ्या येत होत्या.

मग डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड टाकला. उजवी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. डावी तशीच, काळी, सताड उघडी.

"वाळलेलं बी कुटताना धूळ उडते," तारामती म्हणाल्या. "बोट डोळ्याला गेलं. एकाच डोळ्याला."

"धोतरा रस्तोरस्ती उगवतो," आनंदराव पुटपुटले. "हात लागला असेल कुठेतरी."

"असेल. मग सहा महिन्यांची नस कशाला सांगितलीत? अंधारात कशाला बसलात? आणि घरचं शुभकार्य कोणतं, पेढे कशाचे?"

भिंतीलगतचा सदाशिव पुढे आला. "मामा, माझ्यासाठी?"

आनंदरावांनी जावयाकडे पाहिलं आणि खाली बसले. "थोडंसंच घातलं होतं. एक दिवस आजारी पडेल, एवढंच. तुझं नाव फळ्यावर दुसरं होतं रे. कायम दुसरं."

"चालत्या इंजिनावर?" बळवंत म्हणाला. चौकशी सुरू झाल्यापासूनचे त्याचे हे पहिले शब्द. "भंवरलाल होता माझ्याबरोबर."

निकाल

माथुर साहेबांनी आनंदरावांना दुसऱ्या खोलीत बसवलं, पोलिसांना निरोप पाठवला आणि मग डॉक्टरांकडे वळले. "सरोदे खास गाडी नेऊ शकतील?"

डॉक्टर उत्तर देणार, तेवढ्यात बळवंतच म्हणाला, "नाही साहेब. गेजवरचा काटा मला अजून पुसट दिसतो. बरा होईन, पण पुढच्या आठवड्यात होईनच असं छातीठोक सांगत नाही. मागे डब्यांत माणसं असतात. सदाशिवला द्या."

"मला नको," सदाशिव म्हणाला. "कुठल्या तोंडाने चढू, उस्ताद?"

"मी शिकवलेला आहेस, तू चढायचंस. गाडी तुझ्या सासऱ्याची नाही."

जनार्दनच्या वहीत त्या दिवशी याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

मालन मात्र दारापासून तरातरा आत आली. "मी तुरुंगात जायला निघाले होते, आणि तुम्ही गाडी देऊन मोकळे?"

"तू गाडीसाठी निघाली होतीस?"

"गाडीसाठी कशाला? तुम्हाला दारुडा लिहिलं होतं म्हणून."

माथुर साहेबांना मराठी येत नव्हतं. तरी त्यांनी तिला खूण करून बोलावलं. रिपोर्टची मूळ प्रत त्यांनी पोलिसांसाठी बाजूला ठेवली आणि बळवंतच्या फायलीतली कार्बन कॉपी तिच्यापुढे सरकवली. वर लाल पेन्सिल ठेवली.

"बाईजी, ये लाइन आप ही काटिये."

मालनने एकेका अक्षरावरून बोट फिरवत दारूची ती ओळ शोधली. मग पेन्सिल मुठीत धरून अशी रेघ मारली की कागद फाटला.

कोणी दुसरा कागद मागितला नाही.