टाकीवरचा बहिरा कान

"चरबीची टाकी उतू गेली तेव्हा माझा भाऊ झोपला नव्हता," जखमी कामगाराची बहीण म्हणाली. "झोपला असता, तर पंप बंद करायला धावला कसा? दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजलेत, आणि कारखाना म्हणतो, तो टाकीवर झोपला होता, चूक त्याचीच!"

खासगी तपासनीस बाई पूर्वी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी सोबत्याला, निवृत्त हवालदारांना, उठवलं. "चला. नाक घरी ठेवता आलं तर ठेवा."

जनावरांची चरबी उकळणारा तो कारखाना होता. जिन्याच्या कठड्यावर पिवळट थर साचला होता. हवालदारांनी चिकटलेला हात विजारीला पुसला आणि मग विजारीकडे पाहून तोंड वाकडं केलं. टाकीत फेसावर केस आणि कातड्याचे तुकडे फिरत होते.

फिटरने टाकीच्या तोंडावरचा सेन्सर दाखवला. "हा कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून चरबी कुठवर चढली ते कळतं. टाकी भरत आली की घंटा होते. त्या दुपारी झालीच नाही, आणि उकळती चरबी खाली बायका काम करतात तिकडे सांडायला लागली."

"घंटा बिघडली होती?"

"छे! नंतर तपासणीचं बटण दाबलं, तर ठणठणीत वाजली. सेन्सर मात्र महिन्यापूर्वीच बदललाय. साध्या पाण्यावर तपासला, ठीक होता."

"फेसावर?"

फिटर ओशाळला. "जुना चालायचा, म्हणून हाही चालेल असं वाटलं."

नव्या सेन्सरच्या खोक्यात त्याने नट-बोल्ट भरले होते. त्यांच्याखाली न उघडलेलं माहितीपत्रक सापडलं. बाईंनी वाचलं, "आवाजाचा दाब एकशे वीस डेसिबल, दहा सेंटिमीटरवर. आणि जुन्याचा?"

"एकशे सतरा, तीस सेंटिमीटरवर."

"म्हणजे नवाच जोरदार की!" हवालदार म्हणाले. बाईंनी माहितीपत्रक पिशवीत टाकलं.

मॅनेजर अत्तराचा रुमाल नाकाला लावून बसले होते. "नवा जास्त ताकदीचा आहे, हे पाहूनच मी सही केली." त्यांनी फायलीतली झेरॉक्स पुढे केली. एकशे वीसच्या आकड्याखाली कागद संपत होता, आणि खालची कड तिरकी कापलेली होती.

खरेदीसाहेब शेजारच्या खोलीत नखं कोरत होते. "दुकानदाराने एवढीच प्रत पाठवली. दुसरा कागद मी पाहिलेला नाही. घरचाच माणूस आहे, फसवणार नाही."

"आकडा पडताळला नाहीत?"

"बाई, मी खरेदी करतो. दहा सेंटिमीटरवर कान लावून ऐकत बसू का?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

बाईंनी सगळ्यांना मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. बहीणही आली.

"अंतर सांगितल्याशिवाय आवाजाचा आकडा फुकट असतो," बाई म्हणाल्या. "कानाशी तोंड आणून कुजबुजलं तरी मोठं वाटतं. अंतर तिप्पट झालं की जवळपास साडेनऊ डेसिबल घटतात. म्हणजे तीस सेंटिमीटरवर नवा सेन्सर एकशे दहाच्या आसपास, आणि जुना एकशे सतरा. नव्याचा दाब जुन्याच्या निम्माही नाही. साध्या पाण्यावरून प्रतिध्वनी आला, पण फेसाने तो गिळला. म्हणून घंटा मुकी राहिली."

"मग दोष दुकानदाराचा!" खरेदीसाहेब उसळले.

"तुमच्या प्रतीत अंतर नाही. दुसरा कागद तुम्ही पाहिलेला नाही. मग दहा सेंटिमीटर कुठून आले?"

हवालदारांचं तोंड उघडंच राहिलं.

"ती ओळ तुम्हीच कापलीत. ती दिसली असती, तर सही झाली नसती. घरचा माणूस म्हणजे कोण?"

"मेहुणा," खरेदीसाहेब पुटपुटले. मग खांदे उडवून म्हणाले, "माणूस मेला तर नाही ना!"

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "हवालदार, पोलिसांना फोन लावा. याच्याशी आणखी बोलवत नाही."

मॅनेजरांनी घाईने कागद ओढला आणि लिहिलं, 'गैरसमजातून कामगारावर ठपका...'

बहिणीने तो कागद उचलला, चार तुकडे केले आणि कोरा कागद समोर ठेवला.

"गैरसमज नाही, साहेब. लिहा, तो जागा होता. आणि तो धावला म्हणून खाली काम करणाऱ्या सहा बायका वाचल्या, हेही लिहा. मी उभी आहे इथे."