आवाज आधी पोचतो

खोटं वाटत असेल तर वाटू दे. ज्याच्यावर हे गुदरलं, तो आता हेडफोनकडे बघतसुद्धा नाही.

रविवारची भरदुपार. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. धाकटा वहिनीकडे आला होता, बगलेत स्वतःचं काळं गेमिंग मशीन घेऊन.

थोरला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याचं पांढरं मशीन टीव्हीखाली तसंच पडून होतं. आता विकून टाकू, असं वहिनीच म्हणाली होती.

दोघा भावांचं या मशीनवरून कायम वाजायचं. ऑनलाइन खेळायला कोणतं भारी? गेम एकच, पण काळ्यावरचा खेळाडू पांढऱ्यावरच्याला भेटूच शकत नव्हता. एकाने मशीन बदललं असतं, तर दोघं एका टीममध्ये खेळले असते. पण दोघेही हट्टाला पेटलेले! शेवटपर्यंत एकत्र खेळले नाहीत.

थोरल्याचं एकच पालुपद असायचं. "तुझ्या मशीनवर आवाज रेंगाळत येतो रे. माझ्यावर आधी पोचतो."

विकण्याआधी एकदाचा निकाल लावावा, म्हणून धाकट्याने दोन्ही मशीन शेजारी शेजारी मांडली. वहिनी चहा करायला आत गेली. काळ्यावरचा गेम ठीक चालला. मग त्याने पांढरं चालू केलं, थोरल्याचा हेडफोन कानाला लावला. इंटरनेटची वायर अजून त्याच्या हातातच होती...

आणि कानात वहिनी बोलली.

"भावजी, साखर किती घालू?"

त्याने हेडफोन काढला. स्वयंपाकघरात नुसता नळ वाहत होता.

मग नळ बंद झाला... आणि वहिनीने आतून विचारलं, "भावजी, साखर किती घालू?"

एकच चमचा, असं कसंबसं सांगून त्याने हेडफोन परत लावला.

स्टूल सरकल्याचा आवाज...

काहीतरी धप्पकन पडलं...

एक डबा गडगडत गेला.

मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

वायर टाकून तो आत धावला. वहिनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढत होती. तेवढ्यात स्टुलाचा पाय सरकला. डबा गडगडत गेला, वहिनी मात्र त्याच्या हातांत सापडली. तिचं डोकं ओट्याच्या कडेपासून वीतभर राहिलं होतं.

"बरे आलात हो," ती म्हणाली. "कसं कळलं?"

त्याने वाकून डबा उचलला आणि ओट्यावर ठेवला.

पांढरं मशीन त्याने विकू दिलं नाही, आपल्या घरी नेलं. दादाची फार आठवण यायची. निदान एकदा त्याचा आवाज कानावर पडेल, या आशेने तो रोज हेडफोन लावून बसायचा. नुसती खरखर.

मागच्या आठवड्यात खरखर थांबली...

कानात वहिनी रडत होती. "भावजी, उठा ना... डोळे उघडा..."

तेव्हापासून तो वहिनीकडे फिरकलेला नाही. तिचा फोनही उचलत नाही. ती जवळ नसेल तर ते घडणारच नाही, असं त्याने मनाशी धरलंय.

वहिनीला यातलं काहीच ठाऊक नाही. तिला वाटतंय, मशीन विकायचं म्हटलं म्हणून भावजी रुसले. समजूत घालायला येत्या रविवारी ती स्वतःच त्याच्या घरी जाणार आहे.