नवव्या महिन्यातला दान्सोन

वेराक्रूझ बंदराच्या चौकात वाद्यवृंद ध्रुपदाशी आला की सारी जोडपी थबकतात, हातपंखे उघडतात, एकमेकांकडे पाहून घेतात. दान्सोन नाचायचा तो असाच. त्या संध्याकाळी डेल्फिनाही थांबली – एकटीच, कारण नवऱ्यावाचून नववा महिना मिरवणाऱ्या बाईचा हात धरायला कोणी धजत नव्हतं. आणि पावलं मोजण्यात गढलेला, थांबायचं असतं हेच ठाऊक नसलेला एक तरुण तिच्या पोटाला येऊन टेकला.

"माफ करा…" तो पुटपुटला.

"दोघांचीही माफी मागा," ती म्हणाली.

इसिद्रो त्याचं नाव. डोंगरातल्या कॉफीच्या गावाहून तो बंदरात कामाला आला होता. थांबायचं कधी हे तिनं त्याला शिकवलं. आणि मग रोजच, सागरी वारा चौकात शिरला की, तो तिच्यासमोर हात पुढे करून उभा राहू लागला. त्याला कंबर सापडत नाही म्हणून ती चिडवायची. तो म्हणायचा, शोधण्यातच तर मजा आहे.

तिला लहानपणापासून वाढवणाऱ्या चोले मावशीनं या महिन्यांची भीतीच घातली होती – पाठदुखी, सूज, रडू, आणि शाल ओढून घरात बसणं. बाळाचा बाप बोटीवर गेला तो बोटीचाच झाला. तेव्हा लाज तरी झाकावी, असं मावशीचं म्हणणं. पण लाज आलीच नाही. आला तो एक अनपेक्षित, आळसावलेला आनंद. सकाळच्या समुद्रात पाठीवर पडलं की सारा भार पाणी उचलून घेई आणि पोट एखाद्या छोट्या बेटासारखं उन्हात उजळे. तिखट-मीठ लावलेल्या आंब्याची चव अशी कधी लागलीच नव्हती. चालणं मंदावलं तसं जगही मंदावलं. बदामाच्या पानांमधून ऊन कसं गळतं, ते तिला आता दिसू लागलं. नाचताना बाळ झोपी जाई आणि ध्रुपदाशी सगळे थांबले की नेमकं लाथा झाडी. एकदा तिनं इसिद्रोचा तळवा तिथे टेकवला. पुढचा सूर लागला तरी तो हललाच नाही…

मावशीनं मात्र ठरवून टाकलं होतं. गुरुवारी संध्याकाळी ती गाठोडं घेऊन चौकातच आली. बाळ होईपर्यंत डेल्फिनानं आल्वारादो गावी राहणाऱ्या मावशीच्या बहिणीकडे, आतल्या खोलीत राहायचं. गाडी कोपऱ्यावर उभी होती.

"चल पोरी. तमाशा पुरे झाला."

"मी नाचतेय, मावशी."

"कुणाच्या तोंडावर नाचतेस? या पोटाला बाप कुठंय?"

आसपासचे पंखे थांबले. डेल्फिनानं एक पाऊल मागे घेतलं असतं, तर ती त्या अंधाऱ्या खोलीत पोचलीच असती. तेवढ्यात इसिद्रो तिचा हात धरून पुढे झाला.

"मी आहे बाप," तो म्हणाला.

मावशीच्या चेहऱ्यावर सुटकेची सावली हलली. सगळं किती सोपं झालं असतं! डेल्फिनानं मात्र आपला हात त्याच्या हातातून सोडवून घेतला.

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "हा बाप नाही. आणि मावशी, मला पांघरूण नकोय. ना आल्वारादोचं, ना याच्या नावाचं." मग त्याच्याकडे वळून, जरा हळू – "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. बोलायचंच असेल, तर खरं बोल."

इसिद्रोचे कान लाल झाले. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"खरं हेच की… मूल माझं नाही. पण ही बाई इथून गेली, तर या बंदरात माझं काहीच उरणार नाही. माझं हिच्यावर प्रेम आहे – हिच्या या चालीवर, या खाण्यावर, या एवढ्या मोठ्या पोटावरसुद्धा. झाकण्यासारखं मला त्यात काहीच दिसत नाही."

कोपऱ्यावरच्या गाडीनं भोंगा वाजवला. मावशीनं गाठोडं बाकावर आदळलं आणि स्वतःही त्याच्याशेजारी धपकन बसली.

"आणि तुझं गं?" तिनं खेकसून विचारलं. "तुझं काय म्हणणं?"

"माझंही तेच," डेल्फिना म्हणाली. "पण लग्नाचं काय ते बाळ झाल्यावर बघू. आत्ता मला हे उरलेले दिवस हवेत, सगळेच्या सगळे. भर चौकात."

आणि सगळ्यांच्या देखत तिनं इसिद्रोचे दोन्ही हात ओढून आपल्या नसलेल्या कमरेवर ठेवले.