बंद दाराआडचं मराठी

ही गोष्ट जर्मनीतल्या बॉनच्या सुमेधाची. २०१५ सालातली. ऑक्टोबर संपत आला होता, हिवाळ्यासाठी घड्याळं नुकतीच एक तास मागे घेतली होती आणि संध्याकाळी पाचलाच दिवस मावळायला लागला होता. सुमेधा मुलाच्या नावाने आलेली पत्रं घेऊन जिना चढत होती. एक आरोग्य विम्याचं, दोन विद्यापीठाची. आठवडाभराचं टपाल त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, एवढंच काम.

मुलगा, हृषिकेश, सप्टेंबरपासून फ्रान्समध्ये होता. बॉन विद्यापीठातून एका सत्राच्या अदलाबदलीवर तो दिजाँला गेला होता, आणि तिथे एका म्हाताऱ्या मादामकडे खोली घेऊन राहत होता. घरात आता सुमेधा आणि तिचा नवरा श्रीनाथ. श्रीनाथ टेलिकॉममध्ये इंजिनियर. सातच्या आत कधी घरी यायचा नाही.

तिने पत्रं ठेवली, दार ओढून घेतलं आणि दोन पायऱ्या उतरली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई, भूत लागली."

ती जागच्या जागी थांबली. हात कठड्यावरच राहिला.

भूत नव्हे, भूक. लहानपणी हृषिकेशला 'क' म्हणता यायचा नाही. 'काका'चा 'ताता' व्हायचा, 'केळं'चं 'तेळं'. भूक लागली की तो असंच म्हणायचा, आणि श्रीनाथ घाबरल्याचं सोंग करून पलंगाखाली लपायचा.

पण ते हृषिकेश चार वर्षांचा असताना. आता तो वीस वर्षांचा होता, पाचशे किलोमीटरवर होता, आणि मराठीचा एक शब्दही बोलत नव्हता.

ते कसं झालं, हे सुमेधाने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. किंडरगार्टनच्या बाईंनी एक दिवस तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, मूल इथे गप्प बसतं, घरी जर्मन बोला. नवीन देश, बाई शिकलेल्या. दोघांनी ऐकलं. वर्षभर आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याच्याशी बोलत राहिले. सुरुवातीला तो रडायचा, तिच्या तोंडावर हात ठेवायचा. मग शिकला. वर्षाने सुमेधा पुन्हा मराठीवर आली, पण तो आला नाही. त्याला सगळं समजायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये. आईची 'मामा' झाली. आईच्या भावाला म्हणायचा शब्द आपल्याला चिकटला, म्हणून ती मैत्रिणींत हसायची. घरी येऊन हसायची नाही.

तिने वर जाऊन दार उघडलं. खोली रिकामी होती. पलंगावर ताणलेली चादर, खिडकी बंद. फक्त हवा तळघरासारखी गार होती, आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

श्रीनाथला ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाचला जिन्यात जाऊन बसली.

"आई… तू बाहेर आहेस?"

"आहे रे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. "इथेच आहे."

पुढे ते रोजचंच झालं. चहाचा कप घेऊन ती वरच्या पायरीवर बसायची, दिवा न लावता. दार उघडं असलं की काही नाही. लावलं, की थोड्या वेळाने पलीकडे लाकडी जमिनीवर काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं, आणि अगदी खालून, दाराच्या मुठीच्याही खूप खालून, तो आवाज यायचा. तिने त्याला चिऊकाऊच्या गोष्टी सांगितल्या. ज्या गोष्टी त्या वर्षी सांगायच्या राहिल्या होत्या, त्या सगळ्या. तो मध्येच 'मग?' म्हणायचा. एकदा तिने वरणभात कालवून दारापाशी ठेवला. भात जसाच्या तसा होता, पण ताटली उचलताना बोटं चिकटली, एवढी ती गारठली होती.

भीती वाटायची. नाही असं नाही. पण पाच वाजेपर्यंतचा दिवस सरता सरायचा नाही, हेही खरं होतं.

रविवारी हृषिकेशचा फोन यायचा. नोव्हेंबरच्या मध्यावर तो म्हणाला, "मामा, मी सारखा थकलेला असतो." तो जर्मनमध्येच बोलत होता. "वर्गातून आलो की पाच वाजता झोप येते. अशी, की कोणी खाली ओढून नेल्यासारखी. सहाला जाग येते तेव्हा घसा दुखत असतो."

सुमेधाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "डॉक्टरकडे जा रे."

"हो, मामा. जाईन."

त्या संध्याकाळी ती जिन्यात गेली नाही. स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लावून बसली. सव्वापाचला रेडिओच्या आवाजाखालून वरून हाक ऐकू आली. रडकी, हळू, न थांबणारी. "आई… आई गं… आई…" सोळा वर्षांत तिला कोणी आई म्हटलं नव्हतं. साडेपाचला ती वर गेली.

आपण काय करतोय हे तिला कळत होतं. सत्र संपायला थोडेच दिवस उरलेत, तो आला की आपोआप थांबेल, असं ती मनाला समजावत होती.

आठ डिसेंबरला दाराआडून आवाज आला, "आई, इथे थंडी वाजते."

"पांघरूण घे ना, राजा."

"मला बाहेर घे."

"दाराला कुलूप कुठे आहे… मी उघडते, तर तू नसतोस."

"तू 'ये' म्हणत नाहीस." मग अगदी फटीजवळून, "म्हण ना. एकदाच."

जिन्यात आता हाताचा पंजाही दिसत नव्हता. नको, असं तिला आतून कोणी तरी सांगत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आला तो चार वर्षांचा हृषिकेश, तिच्या ओठांवर हात दाबून धरणारा. तेव्हा तिने त्याचा हात बाजूला केला होता आणि जर्मनमध्येच पुढे बोलली होती.

"ये," ती म्हणाली. "ये, बाळा."

मूठ फिरली. दार आपोआप आतल्या बाजूला गेलं. आत काही नव्हतं. पण तिच्या डाव्या कडेवर ओझं आलं, चार वर्षांच्या पोराचं असावं तेवढं, आणि मानेभोवती एक बर्फासारखा इवला हात पडला. ती रडत होती. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. तिने ते ओझं कुशीत घट्ट धरलं होतं, एवढंच आठवतं.

खाली फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. ती उचलायला निघाली, तेव्हा कूस हलकी झाली होती.

फोन मादामचा होता. हृषिकेश पाचला झोपला, तो हलवूनही उठेना. श्वास चालू होता, पण अंग गार. रुग्णवाहिकेतून नेलं होतं.

श्रीनाथने ऑफिसमधून थेट येऊन गाडी काढली. सीमेपाशी पाऊस लागला. तेव्हा सुमेधाने सगळं सांगितलं. वायपरकडे बघत, एका दमात.

श्रीनाथने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "पण अगं… तो चार वर्षांचा असताना आपण टानेनबुशच्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये होतो."

"म्हणजे?"

"या घरात आलो तेव्हा तो दहाचा होता. या घरात हृषिकेश मराठी कधी बोललाच नाहीये. मग त्याचा तो आवाज इथे राहील कशाला?"

"अहो, नका ना…" ती म्हणाली.

पहाटे ते पोचले तेव्हा हृषिकेश शुद्धीवर होता. डॉक्टरांना काहीही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला सोडलं. परीक्षा चार दिवसांवर होत्या. त्या देऊनच येईन, नाहीतर सत्र वाया जाईल, यावर तो अडून बसला. म्हणून श्रीनाथ त्याच्यापाशी राहिला आणि सुमेधाला त्याने आगगाडीत बसवून दिलं. "खोलीला कुलूप लाव," त्याने बजावलं. "आणि उत्तर द्यायचं नाही. काही झालं तरी."

तिने कुलूप लावलं. पण वरून पुन्हा कधी आवाजच आला नाही. पाच वाजायचे, सहा वाजायचे. खोली नुसती खोली झाली होती, लोकरीचा वासही गेला होता. सुमेधा खालीच, खुर्चीत बसून राहायची. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटायचं ते इतकंच, की आपल्याला पुन्हा एकदा कोणीतरी सोडून गेलं.

नाताळच्या दोन दिवस आधी बापलेक परत आले. हृषिकेश वाळला होता, पण हसत होता. श्रीनाथ गाडी लावायला जागा शोधत पुढच्या गल्लीत गेला. सुमेधाने मुलाला स्वयंपाकघरात बसवून गरम गरम वरणभात वाढला. तो दोन घास खाऊन थांबला आणि त्याने खिशातून फोन काढला.

"मामा, तुला एक ऐकवायचंय," तो जर्मनमध्ये म्हणाला. "मी झोपेत बोलायचो. रोज. मादामला काळजी वाटली, म्हणून तिने डॉक्टरला ऐकवायला हे रेकॉर्ड करून घेतलं. आठ तारखेचं आहे. बाबांना मी ऐकवलं नाही."

त्याने फोन टेबलावर ठेवला. आधी नुसती खरखर. मग श्वास. आणि मग वीस वर्षांच्या मुलाच्या छातीतून निघू शकणार नाही असा बारीक, पोरका आवाज.

"आई, मी इतडे आहे… आई, ऐत ना. तो मी नाही. दार नतो उघडू… आई, त्याला नतो ये म्हणू…"

सुमेधाने टेबलाची कड धरली.

आवाज रडत होता, तेच तेच सांगत होता, धापा टाकत होता. मग एकदम थांबला. दिजाँच्या त्या खोलीतल्या शांततेत एक बाई बोलली. शांतपणे, मायेने. आवाज सुमेधाचा होता.

"ये. ये, बाळा."

पुढे काही नव्हतं. ना श्वास, ना खरखर. पडद्यावर सेकंद मात्र पुढे जात होते.

हृषिकेशने मान वर केली. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. एखादं जड सामान बऱ्याच वर्षांनी उचलावं तसे शब्द त्याने एकेक करून उचलले. अडखळत, परक्या उच्चारात, पण मराठीत.

"आई," तो म्हणाला, "तू… कोणाला… ये म्हणालीस?"